मेक्सिको देशाचीं जुनीं वस्त्रें व त्यांतील राष्ट्रीयत्व

संत गोन्सालो गार्सिया यांचें नांव आम्हां वसईकडील ख्रिस्ती लोकांस लहानपणापासून परिचयाचें आहे. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें ज्या २६ जणांस क्रुसावर चढविण्यांत आलें, त्यांत हे वसईचे सुपुत्र होते. परंतु त्याच टेकडीवर, त्याच दिवशीं, मेक्सिको शहरांत जन्मलेल्या एका तरुणानेंही प्राण अर्पण केला, हें आमच्यापैकीं थोड्यांच्याच ध्यानांत असेल. त्याचें नांव फेलिपे दे हेसूस. गुरुदीक्षा घेण्यासाठीं तो मनिलाहून मेक्सिकोस 'सान फेलिपे' नांवाच्या गलबतांतून निघाला असतां, १५९६ सालीं वादळानें तें गलबत जपानच्या किनाऱ्यास नेऊन टाकिलें. गलबतांत मौल्यवान माल होता व त्यांत रेशमी कापड विपुल होतें. तो माल तेथील सत्ताधीश हिदेयोशी यानें जप्त केला. त्या प्रकरणांतून जो संशय व क्षोभ वाढला, त्याच्या पाठोपाठ नागासाकीची ती घटना घडली. ता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं या सर्व रक्तसाक्ष्यांस एकाच वेळीं संतपद दिलें.

वसईचा संत आणि मेक्सिकोचा संत यांची गांठ घालून देणाऱ्या प्रसंगांत कापडाच्या एका गलबताचा असा भाग आहे. हा धागा धरून या ज्युबिलीच्या अंकांत आम्ही त्या दूरच्या देशाच्या जुन्या वस्त्रांचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों. हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. एखादें राष्ट्र एखाद्या वस्त्राकडे बोट करून "हें आमचें" असें म्हणतें, तेव्हां त्या "आमचें" या शब्दांत कोणाकोणाचे हात सामावलेले असतात, आणि त्या हातांस त्याचा मान कितपत मिळतो, हा प्रश्न मेक्सिकोच्या वस्त्रांइतका स्पष्टपणें क्वचितच कोठें विचारला गेला असेल.

स्पॅनिश लोक १५१९ सालीं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें त्या भूमींत विणकाम चाललें होतें. माग अगदीं साधा असे. ताण्याचें एक टोंक झाडास किंवा खांबास बांधावयाचें, आणि दुसरें टोंक विणणाऱ्या बाईच्या कमरेमागून घेतलेल्या पट्ट्यास अडकवावयाचें. बाई पुढें वांकली म्हणजे ताणा सैल होई, मागें रेलली म्हणजे तो घट्ट होई. तिचें शरीर हाच मागाचा एक भाग. त्यामुळें कापडाचा पन्हा तिच्या दोन हातांच्या पोहोंचीएवढाच राही. रुंद वस्त्र पाहिजे असल्यास दोन किंवा तीन पट्टे विणून ते शेजारीं शेजारीं जोडावे लागत. कापड कातरून वायां घालविण्याची रीत नव्हती. चारी बाजूंस पक्के कांठ असलेला पट्टा मागावरून जसा उतरे, तसाच शिवणींत जाई. बायकांचा 'उइपिल' नांवाचा सैल झगा अशाच जोडपट्ट्यांचा होत असे, आणि देशी स्त्रियांच्या वस्तींत तो आजही होतो. या जोडशिवणीची गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

सूत दोन प्रकारचें. एक कापसाचें, त्यांतही पांढरा कापूस आणि जन्मतःच तपकिरी असलेला कापूस असे दोन भेद होते. दुसरें घायपाताच्या वाखाचें. आमच्या बांधाबांधांवर दिसणारी घायपात मूळची त्याच देशाकडची. तांबडा रंग निवडुंगावर पोसलेल्या किड्यांपासून निघे. हाच तो किरमिजी रंग. स्पॅनिश अमदानींत रुप्याच्या खालोखाल मोलाचा माल म्हणून तो युरोपांत जाऊं लागला. निळा रंग निळीचा. आणि ओआहाका प्रांताच्या समुद्रकांठीं खडकांवर राहणाऱ्या एका जातीच्या गोगलगाईच्या रसापासून जांभळा रंग काढीत. रस सुतावर पाडून घेऊन त्या जीवास पुनः खडकावर जिवंत सोडावयाचें, ही तेथील रंगाऱ्यांची रीत अद्यापि सुटलेली नाहीं.

विणकामाची ही विद्या घराघरांतील होती. 'कोडेक्स मेंडोसा' या नांवाचा एक चित्रमय ग्रंथ स्पॅनिश विजयानंतर सुमारें २० वर्षांनीं देशी चित्रकारांकडून तयार करविण्यांत आला. तो हल्लीं इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथील ग्रंथालयांत आहे. मुलगी जन्मास आली म्हणजे तिच्यापुढें चाती व सूतकताईचें सामान ठेवीत, आई तिला लहानपणींच सूत कातावयास शिकवी, आणि १४ व्या वर्षीं ती मागावर बसे, हें सर्व त्यांत चित्रांनीं दाखविलें आहे. त्याच ग्रंथांत जिंकलेल्या गांवांनीं आस्तेक राजास किती वस्त्रें खंडणी म्हणून द्यावयाचीं, याच्या याद्या आहेत. म्हणजे आईनें मुलीस प्रेमानें शिकविलेली विद्या हीच राज्याच्या करवसुलीचें साधनही होती. शिवाय सुती वस्त्र सरदारांनीं नेसावें आणि सामान्यांनीं घायपाताचें जाडेंभरडें वापरावें, असा निर्बंध होता असें जुन्या इतिहासकारांनीं लिहून ठेविलें आहे. वस्त्रावरून माणसाची पायरी ओळखण्याची चाल त्या देशांत युरोपियनांनीं प्रथम आणली असें नाहीं. ती आधींपासूनच होती.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली म्हणजे ग्वादालूपे मातेच्या वस्त्राचें महत्त्व अधिक उमगतें. १५३१ सालच्या डिसेंबरांत तेपेयाक टेकडीवर हुआन दिएगो या देशी ख्रिस्ती मनुष्यास पवित्र मरियेचें दर्शन झालें. आणि बिशप हुआन दे सुमारागा यांच्यासमोर त्यानें आपल्या खांद्यावरील वस्त्र मोकळें करून आंतील फुलें खालीं सोडतांच त्या वस्त्रावर तिची प्रतिमा प्रकट झालेली दिसली, असा त्या देशांतील भाविकांचा परंपरागत विश्वास आहे. १६४९ सालीं हा वृत्तांत तेथील लोकांच्याच नाहुआत्ल भाषेंत छापून प्रसिद्ध झाला. हुआन दिएगो यास २००२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं संतपद दिलें. तें वस्त्र घायपाताच्या धाग्याचें, म्हणजे गरिबाच्या वांट्याचें, असें परंपरा सांगते. तें दोन पट्टे जोडून केलेलें आहे आणि मधून उभी शिवण गेलेली आहे. मेक्सिकोच्या पहिल्या प्रतीच्या राष्ट्रचिन्हांत ज्याची गणना होते, तें वस्त्र असें एका साध्या मनुष्याचें पांघरूण आहे. तें आजही मेक्सिको शहरांतील महामंदिरांत जतन केलेलें आहे आणि दरवर्षीं लाखों यात्रेकरू त्याचें दर्शन घेतात.

स्पॅनिश अमलाखालीं विणकामाचें रूप पालटलें. स्पॅनिश लोकांनीं मेंढ्या आणल्या, आणि त्यांबरोबर पावड्यांचा उभारलेला रुंद माग आणला. कमरेचा माग बायकांच्या हातीं राहिला. नवा माग पुरुषांच्या हातीं गेला. लोकरीचें कापड विणण्यासाठीं पुएब्ला, तेस्कोको, केरेतारो इत्यादि ठिकाणीं मोठे कारखाने निघाले. त्यांस 'ओब्राहे' म्हणत. या कारखान्यांची कथा सुखाची नाहीं. कर्जाच्या पायीं अडकलेले देशी लोक, शिक्षा झालेले कैदी व गुलाम यांस तेथें कोंडून काम करवीत. जर्मन विद्वान आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०३ सालीं केरेतारो येथें गेला असतां, हे कारखाने त्यास तुरुंगासारखे दिसले, असें त्यानें आपल्या प्रवासग्रंथांत नमूद केलें आहे. त्याच काळांत ख्रिस्तसभेच्या कांहीं सेवकांनीं निराळा मार्ग दाखविला, हेंही सांगणें न्याय्य होईल. मिचोआकानचे पहिले बिशप वास्को दे किरोगा (मृत्यु १५६५) यांनीं देशी लोकांसाठीं रुग्णालयें व आश्रमवजा वसाहती स्थापिल्या. आणि पात्स्कुआरो सरोवराभोंवतालच्या गांवांस एकेक हस्तव्यवसाय त्यांनींच नेमून दिला, अशी तेथील लोकांची कृतज्ञ आठवण आहे.

तिसरा धागा आशियांतून आला. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे तब्बल २५० वर्षें, मनिला व आकापुल्को या बंदरांमध्यें स्पॅनिश गलबतें जात येत होतीं. मेक्सिकोचें रुपें पूर्वेकडे जाई, आणि चीनचें रेशीम व हिंदुस्थानचें सुती कापड पश्चिम किनाऱ्यावर उतरे. वर सांगितलेलें 'सान फेलिपे' याच मार्गावरचें. या व्यापारानें मेक्सिकोंतील रेशमाच्या नव्या धंद्यास धक्का बसला हें खरें. परंतु तेथील विणकरांस नवे नमुने व नवी हौसही मिळाली. स्त्रियांचा 'रेबोसो' नांवाचा लांब शेला या काळांत सर्वत्र पसरला. तो डोकीवरून घ्यावा, खांद्यावर टाकावा, मूल पाठीशीं बांधावें, बाजाराचें ओझें बांधावें. चर्चमध्यें तोच बुरखा आणि शेवटीं कित्येकींचें तेंच कफन. उत्तम रेबोसोचा ताणा विणण्यापूर्वीं जागोजागीं गांठी बांधून रंगवितात. विणल्यावर त्यावर सर्पाच्या अंगासारखी ठिपक्यांची नक्षी उमटते. गुजराथेंतील पटोळ्यांचें सूत ज्या तत्त्वावर रंगवितात तेंच हें तत्त्व. विणून झाल्यावर त्याच्या दोन्ही पदरांस गांठींची जाळीदार झालर काढणें हें बायकांचें स्वतंत्र कसब आहे. तेनान्सिंगो व सांता मारिया देल रिओ या गांवांचें नांव या कामासाठीं अजून घेतलें जातें.

याच मार्गानें आलेल्या एका हिंदी स्त्रीचें नांव मेक्सिकोच्या वस्त्रांशीं कायमचें जोडलें गेलें आहे. सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांत चांच्यांनीं पळविलेली एक हिंदी मुलगी कोचीन व मनिला या मार्गानें पुएब्ला शहरीं गुलाम म्हणून विकली गेली. बाप्तिस्म्याचें तिचें नांव कातारिना दे सान हुआन. आशियांतून आलेल्या कोणासही तेथें 'चिनो' किंवा 'चिना' म्हणत. पुढें ती तिच्या धर्मशीलतेसाठीं शहरभर प्रसिद्ध झाली व १६८८ सालीं पुएब्ला येथेंच वारली. एकोणिसाव्या शतकांत झगझगीत घागरा, भरतकामाची चोळी व रेबोसो असा जो पोशाख 'चिना पोब्लाना' म्हणून मेक्सिकोचा राष्ट्रीय स्त्रीवेष ठरला, तो तिनेंच प्रचारांत आणला अशी लोकांची समजूत आहे. इतिहासकार तो पोशाख तिच्या मागाहूनचा ठरवितात. परंतु आपल्या राष्ट्रवेषास एका परदेशी दासीचें नांव मिळालें याचा मेक्सिकन लोकांस कमीपणा वाटला नाहीं, उलट त्यांनीं तें आवडीनें जपलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां 'सारापे'कडे वळूं. मेक्सिकोच्या जुन्या वस्त्रांचा विषय निघाला म्हणजे जाणत्यांच्या डोळ्यांपुढें प्रथम साल्तिल्योचा सारापे येतो. साल्तिल्यो हें शहर देशाच्या उत्तर भागांत १५७७ सालीं वसलें. १५९१ सालीं स्पॅनिश सरकारनें त्लाश्काला प्रांतांतील ४०० देशी कुटुंबें उत्तरेकडे वसाहतीसाठीं पाठविलीं. त्यांपैकीं कांहींनीं साल्तिल्योच्या शेजारींच आपलें निराळें गांव वसविलें. हे त्लाश्कालाचे लोक पूर्वीं स्पॅनिशांचे दोस्त होते, म्हणून त्यांस घोड्यावर बसण्याची व मानाच्या पदव्या लावण्याची मुभा होती. तेथील विणकामाचें श्रेय परंपरा त्यांसच देते. अठरावें शतक व एकोणिसाव्याचा पूर्वार्ध हा या वस्त्राचा सुवर्णकाळ.

सारापे म्हणजे पुरुषाचें पांघरूण. सुती ताण्यावर अतिशय बारीक लोकरीचा बाणा इतका ठांसून भरतात कीं ताणा मुळींच दिसत नाहीं. पैठणीच्या पदरावर वेल किंवा पक्षी काढतांना विणकर जसा प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या नक्षीपुरताच फिरवितो, एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत नेत नाहीं, तसेंच हें काम. मध्यभागीं एकांत एक बसविलेल्या दांतेरी चौकटींचा मोठा शंकरपाळ्याच्या आकाराचा चौक, भोंवतीं बारीक ठिपक्यांची जमीन, कडेनें किनार; रंग मुख्यतः किरमिजी व निळा. पुष्कळ सारापेंत चौकाच्या मधोमध डोकें घालण्यासाठीं चीर ठेवलेली असे. घोडेस्वार तो अंगावर घेई, रात्रीं त्यावरच निजे. आणि सणावारीं श्रीमंत जमीनदार तो खोगिरामागें मिरवी.

त्यांतही शिवणीची मौज पाहावी. पावड्यांचा माग आला तरी पूर्ण रुंदीचा सारापे त्यावर होत नसे. म्हणून तोही दोन पट्ट्यांत विणावा लागे आणि मागाहून मधोमध शिवावा लागे. पहिला पट्टा उतरल्यावर दुसरा अशा मापानें विणावयाचा कीं चौकाचा डावा अर्धा व उजवा अर्धा शिवणीवर तंतोतंत जुळला पाहिजे. एक वीतभर जरी घट्ट किंवा सैल विणली गेली, तरी सारा चौक वांकडा. जुन्या उत्कृष्ट सारापेंत ही जुळणी इतकी अचूक असते कीं शिवण शोधावी लागते. देशी लोकांचा किरमिजी रंग, स्पेनची मेंढी, युरोपचा माग, त्लाश्कालाच्या वसाहतकऱ्यांचा हात, एवढ्या गोष्टी त्या एका पांघरुणांत एकत्र आल्या. जे लोक राजदरबारीं व बाजारीं एकमेकांपासून दूर ठेवले जात, त्यांचें काम या वस्त्रांत अगोदरच एकजीव झालें होतें. मेक्सिकन राष्ट्र १८२१ सालीं झालें. त्याचें वस्त्र त्यापूर्वीं शंभर वर्षें विणलें जात होतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

स्वातंत्र्याच्या लढ्याचा आरंभही एका कापडापाशींच येतो. दोलोरेस गांवचे धर्मगुरु मिगेल इदाल्गो यांनीं आपल्या पॅरिशमधील गरिबांसाठीं मडकीं घडविणें, रेशमाचे किडे पाळणें, मधमाशा ठेवणें असे धंदे सुरू केले होते. ता. १६ सप्टेंबर १८१० रोजीं त्यांनीं देवळाची घंटा वाजवून लोकांस उठविलें, आणि वाटेंत आतोतोनिल्को येथील मंदिरांतून ग्वादालूपे मातेची प्रतिमा असलेलें कापड घेऊन तेंच निशाण केलें. पुढच्या वर्षीं ते पकडले जाऊन गोळीस बळी पडले. १८२१ सालीं देश स्वतंत्र झाला. धर्म, स्वातंत्र्य व ऐक्य या तीन हमींचे पांढरा, हिरवा व तांबडा हे रंग झेंड्यावर आले, आणि लौकरच ते रंग व गरुडाचें चिन्ह सारापेंतही विणलें जाऊं लागलें. इटालियन चित्रकार लिनाती याच्या १८२८ सालच्या पोशाखांच्या चित्रसंग्रहामुळें युरोपांतही मेक्सिकोचे वेष माहीत झाले. १८६४ ते १८६७ पर्यंत मेक्सिकोच्या गादीवर बसलेला ऑस्ट्रियन राजपुत्र माक्सिमिलियन हाही प्रजेस आपलासा वाटावा म्हणून तेथील घोडेस्वाराचा वेष करी. त्याच्या राज्याचा अंत बंदुकींच्या फैरींत झाला. परकी मनुष्यानें पोशाख चढविला म्हणून तो त्या देशाचा होत नाहीं, हा धडा त्यांत आहे.

परंतु ज्या वेळीं सारापे राष्ट्राचें चिन्ह होत होता, त्याच वेळीं त्याची विद्या क्षीण होत चालली होती. १८३५ सालीं पुएब्ला येथें पहिली यांत्रिक सूतगिरणी निघाली. १८५६ सालीं इंग्लंडांत पर्किन यानें कृत्रिम रंग शोधून काढला, आणि किरमिजी किड्यांचा बाजार कांहीं दशकांत बसला. गिरणीचें जाड सूत आलें, नक्षी भरड झाली, मागणी प्रवाशांच्या आवडीकडे वळली. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटींत कित्येक शहरांच्या अधिकाऱ्यांनीं पांढऱ्या सुती चोळण्यांतील देशी माणसांस पाटलोणीवांचून शहरांत फिरण्यास मनाई केली. संग्रहांत ठेविलेल्या सारापेस मान, आणि तो विणणाऱ्याच्या भाऊबंदांस वेशीवर हटकणें, असा हा विपरीत प्रकार होता.

१९१० च्या राज्यक्रांतीनंतर वारें फिरलें. १९२१ सालीं स्वातंत्र्यप्राप्तीस शंभर वर्षें झालीं, तेव्हां राजधानींत लोककलांचें एक मोठें प्रदर्शन भरविण्यांत आलें. चित्रकार रोबेर्तो मोंतेनेग्रो व होर्हे एन्सिसो यांनीं तें मांडलें. आणि 'डॉक्टर आत्ल' या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेले हेरार्दो मुरिल्यो यांनीं त्यानिमित्त लोककलांवर ग्रंथ लिहिला. सारापे, रेबोसो, उइपिल यांस प्रथमच अधिकृतपणें राष्ट्राची कला असा मान मिळाला. शिकलेल्या स्त्रिया अभिमानानें देशी पोशाख करूं लागल्या. चित्रकर्ती फ्रीदा कालो हिचा तेवांतेपेक प्रांतांतील वेष तर जगभर गाजला. आज मेक्सिको शहरांतील फ्रान्स मायर संग्रहालयांत व ओआहाका येथील वस्त्रसंग्रहालयांत जुने नमुने पाहावयास मिळतात.

तरी प्रश्न सुटला असें नाहीं. २०१९ सालीं एका परदेशी पोशाखविक्या पेढीच्या नव्या मालांत देशी भरतकाम व साल्तिल्योच्या सारापेच्या रंगपट्ट्या दिसल्या, तेव्हां मेक्सिकोच्या संस्कृतिखात्याच्या मंत्र्यांनीं पत्र धाडून जाब विचारला कीं, या नक्षीच्या मूळ धन्यांस यांतून काय मिळणार? जानेवारी २०२२ मध्यें तेथें कायदा होऊन देशी व आफ्रिकी वंशाच्या समाजांचा आपल्या सांस्कृतिक ठेव्यावर सामुदायिक हक्क मान्य करण्यांत आला. नक्षी राष्ट्राची खरी. पण राष्ट्राच्या आधीं ती एका गांवाची आहे, आणि गांवांत ती मागावर बसलेल्या एका बाईच्या हातची आहे. राष्ट्रानें चिन्ह घ्यावें आणि हात विसरावा, हें ओब्राहेच्या कुलपाचेंच सौम्य रूप होय. तें टाळण्याची इच्छा त्या कायद्यांत दिसते.

या वृत्तांतांतून आमच्या पॅरिशजनांनीं काय घ्यावें? आमच्याही घरांतील ट्रंकांत आजीबाईंचीं लुगडीं घडी घालून ठेविलेलीं आहेत. एरव्हीं तीं कोणी नेसत नाहीं, सणास, लग्नास, अशा ज्युबिलीस तीं बाहेर निघतात आणि तीं पाहून आम्ही म्हणतों, "हें आमचें." तसें अवश्य म्हणावें. परंतु मेक्सिकोच्या जुन्या सारापेंपैकीं बहुतेकांवर विणकराचें नांव नाहीं, आणि आतां तें कोणासही सांगतां येणार नाहीं. आमच्या लुगड्यांची गोष्ट तशी होऊं नये. तें लुगडें कोणत्या गांवच्या मागावर विणलें गेलें, कोणी विकत आणलें, कोणाच्या लग्नांत प्रथम नेसलें गेलें, हें घरांतील वडील मंडळी हयात आहेत तोंच विचारून एका कागदावर लिहावें, आणि तो कागद त्याच घडींत ठेवावा.